नवतप्यात साप घरी ठेवून चार दिवस बाहेर जायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर नागपुरात, मानेवाड्यात, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. घरात दोन वर्षांचा, ९०० ग्रॅम वजनाचा बॉल पायथन, म्हणजे बिनविषारी, परदेशी साप. २६ ते ३० मे यवतमाळला चुलतबहिणीचे लग्न. तो राहतो त्या टबमध्ये पाण्याचे भांडे आणि एक-दोन जिवंत उंदीर सोडून, खोलीतला कूलर चालू ठेवून जाता येईल का? एक मित्र मधे एकदा चक्कर मारणार आहे. शिवाय श्रावणात पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला आठ दिवस जायचे आहे, तेव्हा काय करायचे?

हाच प्रश्न तुम्ही डिसेंबरात विचारला असता तर मी चार सूचना देऊन ‘खुशाल जा’ म्हटले असते. पण मेअखेर, स्लॅबखालच्या बंद घरात, कूलरच्या भरवशावर साप सोडून जाऊ नका. लग्नाला जरूर जा, फक्त साप त्या खोलीत ठेवू नका. मी नागपुरात सोळा वर्षे दवाखाना चालवते आणि साप, कासवे, इग्वाना असे रुग्णही पाहते. मालक गावाला गेल्यावर उपाशी राहून मेलेला साप माझ्याकडे एकदाही आलेला नाही. उष्णतेने मेलेले आले आहेत, आणि त्यातले बहुतेक मे महिन्यातले होते.

भुकेची काळजी आधी डोक्यातून काढून टाका. एवढ्या वयाचा बॉल पायथन दहा ते चौदा दिवसांतून एकदा खातो. थंडीत किंवा विणीच्या हंगामात तो आपणहून दोन-तीन महिनेही तोंड फिरवून बसतो आणि तरी वजन फारसे हलत नाही. चार दिवस त्याच्या हिशेबी काहीच नाहीत. उलट निघण्याच्या तोंडावर ‘पोटभर घालून जाऊ’ हा विचार घातक ठरतो. गिळलेला उंदीर पचायला सापाला चार-सहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस अंगाला योग्य ऊब लागते. त्या काळात तापमान बिघडले, किंवा कोणी टब हलवला, तर तो अर्धवट पचलेला उंदीर ओकतो. ओकणे ही सापासाठी साधी गोष्ट नसते. अन्ननलिका सोलवटते, अंगातले पाणी जाते आणि पुढचे कित्येक दिवस त्याला काही देता येत नाही. म्हणून शेवटचे जेवण १८ मेपर्यंत उरकून घ्या. पुढचे परत आल्यावर, दोन दिवस थांबून.

आणि जिवंत उंदीर टबमध्ये सोडून जाणे, हे कुठल्याही ऋतूत, कुठल्याही सापाबाबत करू नका. भूक नसलेला साप उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही. पण उंदराला भूक लागते, आणि टबमध्ये खाण्याजोगे दुसरे काही नसते. पाठीचे कातडे कुरतडून मणके उघडे पडलेला साप मी टेबलावर घेतला आहे. तो कोपऱ्यात वेटोळे घालून तसाच पडून राहिला होता, प्रतिकारही केला नव्हता. मालकांनी प्रेमापोटीच तो उंदीर ठेवला होता. उंदीर गोठवलेला, कोमट करून द्यायची सवय लावा, म्हणजे हा विषयच संपेल.

आता मुख्य गोष्टीकडे येते. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही आणि घाम गाळून अंग थंडही करू शकत नाही. त्याच्या हाती एकच उपाय असतो, जागा बदलणे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, जिथला हा साप आहे, तिथेही ऊन कडक असते. पण तो दुपारभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात, जमिनीखाली पडून असतो. टबच्या गरम बाजूला ३१ ते ३३ आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश असावे असे आपण म्हणतो, त्यामागचे कारण हेच, की त्याला निवड करता यावी. खोलीच ४० अंशांवर गेली की टबची दोन्ही टोके सारखीच होतात आणि निवड संपते. ३५-३६च्या वर तो अस्वस्थ होतो, भिंतीवर नाक घासत फिरू लागतो. ४०च्या आसपास काही तास गेले की जिवावर बेतते.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. नागपूरचा पारा २३ मे २०१३ला ४७.९ पर्यंत गेला होता. तुमचे लग्न नेमके त्याच दिवसांत आहे. आणि हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. दारे-खिडक्या लावलेल्या वरच्या मजल्याच्या खोलीत रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर कोमट लागतो. घरात माणसे असतात तेव्हा आपण नकळत बरेच काही करत असतो. सकाळी खिडक्या उघडतो, दुपारी पडदे ओढतो, फरशीवर पाणी मारतो. घराला कुलूप लागले की हे सगळे थांबते.

आणि कूलर. यावर थोडे थांबून लिहिते, कारण माझ्याकडे आलेल्या सगळ्यात वाईट प्रकरणात कूलरच होता. एक कुटुंब दोन दिवसांसाठी शेगावला गेले होते. घरी कॉर्न स्नेक. खिडकीतला कूलर चालू ठेवला, टाकी काठोकाठ भरली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घरगुती कूलरची टाकी दिवसभर पुरली तरी नशीब. दुसऱ्या दिवशी पाणी संपले, वाळ्याच्या जाळ्या वाळल्या, पण पंखा फिरतच राहिला. म्हणजे बाहेरची ४५ अंशांची हवा तो पंखा थेट खोलीत ओढत होता. कूलर बंद असता तर खोली कदाचित थोडी कमी तापली असती. त्यांनी साप उशीच्या खोळीत घालून आणला तेव्हा त्याचे तोंड उघडे होते, मान मागे वळलेली होती, उताणा केला तर सुलट होत नव्हता. तासाभरात गेला. मुलगा अकरा-बारा वर्षांचा होता, तो टेबलाजवळून हलायला तयार नव्हता. तेव्हापासून उन्हाळ्यात कोणीही ‘कूलर लावून जातो’ म्हटले की मी हात धरून थांबवते.

मग काय करायचे? सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे साप त्याच्या टबसकट अशा घरी नेऊन ठेवणे जिथे त्या चार दिवसांत माणसे राहत आहेत. शक्यतो तळमजला, शक्यतो ज्या खोलीला दुपारचे ऊन लागत नाही ती. तुमचा मित्र जर एकदा चक्कर मारायला तयार आहे, तर त्यालाच विचारा की टब त्याच्या घरी राहू शकेल का. न्यायचा तर २४ तारखेला न्या. पोट तोवर रिकामे झालेले असेल, तरी भर उन्हात नेऊ नका, सकाळी सहाला न्या आणि टब वाटेत आडवा-तिडवा होऊ देऊ नका. आधी नेण्याचा फायदा असा की तुम्ही शहरात असतानाच त्याला नव्या जागी रुळायला वेळ मिळतो आणि काही चुकले तर ते तुमच्या डोळ्यांसमोर चुकते. टब फरशीवर ठेवा, कपाटावर नाही. छताजवळ आणि फरशीजवळ तापमानात सहज दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

त्या घरी ज्येष्ठ मंडळी असतील आणि सापाचे नाव काढताच त्यांच्या अंगावर काटा येत असेल, तर जबरदस्ती करू नका. घाबरलेल्या घरात ठेवलेल्या सापाचे झाकण कोणी तपासत नाही, आणि तिथेच धोका सुरू होतो.

ते जमलेच नाही तर दुसरा मार्ग तुमच्याच घरातला एसी. मात्र निघण्यापूर्वी एक चाचणी घ्या. एसी चालू असताना घराचा मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा लावा. एसी आपोआप सुरू होतो का पाहा. कित्येक एसी होतात, कित्येक होत नाहीत, आणि जुन्या स्टॅबिलायझरवर काय होईल हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. मेमध्ये रात्री लाईन जाते, येते, पुन्हा जाते. एसी एकदा बंद पडला आणि तसाच राहिला तर सगळी योजना कोसळली. घरच्या इन्व्हर्टरवर एसी सहसा चालत नाही, त्यामुळे तो गृहीत धरू नका. एसी २७वर ठेवा, झोत टबवर नको. एसीने हवा कोरडी होते, म्हणून एका लपायच्या डब्यात ओले करून घट्ट पिळलेले शेवाळ किंवा नारळाचा भुसा घाला. या मार्गात मित्राने चारही दिवस, दिवसातून दोनदा यायला हवे. एका चकरेवर भागणार नाही.

हीट मॅट, म्हणजे टबला ऊब देणारी विजेची चटई, मे महिन्यात प्लगमधून काढून ठेवा. थर्मोस्टॅट आहे, तो आपोआप बंद करेल, हे म्हणणे कागदावर बरोबर आहे. पण थर्मोस्टॅट फक्त त्याच्या प्रोबला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकाला, जे लागते तेवढेच जाणतो. माझ्या स्वतःच्या सापाच्या बाबतीत प्रोब सुटून पाण्याच्या भांड्यात पडला होता. पाणी गार, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटत राहिले की टब थंड आहे, आणि मॅट रात्रभर तापत राहिली. सकाळी पोटावरचे खवले तांबडे झाले होते. तीन कात टाकेपर्यंत तो डाग गेला नाही. मी घरात होते, तरी हे झाले. तेव्हापासून माझा प्रोब दोन ठिकाणी घट्ट बांधलेला असतो आणि एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मॅट कपाटात असते.

एखादा आकडा हातात असल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असे मला वाटते. कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. येत्या रविवारी साप दुसऱ्या खोलीत तुमच्याजवळ ठेवा. त्याच्या खोलीत रिकामा टब ठेवून, थर्मामीटर टबच्या आत टाकून, खोली जशी जाताना ठेवणार तशीच बंद करा. सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत. कमाल आकडा ३४च्या वर गेला तर त्या खोलीत साप राहणार नाही, एवढे साधे आहे. वायफाय कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचारतात बरेच जण. लाईन गेली की राउटरही बंद पडतो. आणि यवतमाळच्या मांडवात बसून ३९चा आकडा दिसला, तरी मानेवाड्यातल्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हाच प्रश्न उरतो.

पाणी मात्र भरपूर ठेवा. मेमध्ये दुपारची आर्द्रता आपल्याकडे २० टक्क्यांच्याही खाली जाते, आणि सापाच्या अंगातले पाणी श्वासातून आणि कातडीतून जात राहते. जड तळाची दोन भांडी, सापाने रेटले तरी न कलंडणारी. काठोकाठ भरू नका. तो पाण्यात जाऊन वेटोळे घालतो तेव्हा पाणी बाहेर सांडते आणि खालचा भुसा ओला होतो. डोळे दुधी-निळसर झाले असतील, म्हणजे कातीवर आला असेल, तर शेवाळाचा डबा हवाच.

झाकणाबद्दल. साप डोके जाईल तिथून बाहेर पडतो, आणि एकटेपणी त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. झाकणावर वीट ठेवणे उपयोगाचे नाही, कारण तो वीट उचलत नाही, झाकणाचा मऊ कोपरा वाकवतो. चारही बाजूंना क्लिप आणि त्यावरून एक पट्टा आवळा. वायर आत जाण्याचे भोक कापसाने नाही, नीट बुजवा. खोलीच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा, मोरीच्या जाळीवर काही जड ठेवा. सुटलाच तर निदान त्याच खोलीत राहील.

आणखी एक सवय पाहिली आहे. घर बंदच आहे तर पेस्ट कंट्रोल उरकून घेऊ, असे लोक ठरवतात. झुरळांची, डासांची बहुतेक फवारणी सरीसृपांना बाधते, आणि बंद खोलीत ती हवेत टिकते. डांबरगोळ्या, प्लगमधले डासांचे लिक्विड, काहीही त्या खोलीत नको. मुंग्या असतील तर टबचे पाय किंवा स्टँड पाण्याच्या ताटल्यांत ठेवा.

मित्राला काय सांगायचे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टबवर चिकटवा. त्याची कामे तीनच: थर्मामीटर पाहणे, पाणी पाहणे, क्लिपा पाहणे. त्यांचे फोटो तुम्हाला पाठवायचे आणि निघायचे. साप बाहेर काढायचा नाही, भावाला दाखवायचा नाही, खायला घालायचे नाही. पाण्याचे भांडे बदलले तर हात साबणाने धुवायचे, कारण सरीसृपांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आणि हे मात्र त्याला समोर बसवून, तोंडी सांगा. टब रिकामा दिसला आणि घरात कुठे साप दिसला, तर तो तुमचाच आहे असे धरून हात घालायचा नाही. बॉल पायथनच्या अंगावरचे तपकिरी ठिपके आणि आपल्याकडच्या परडीच्या, म्हणजे घोणसाच्या अंगावरचे ठिपके, अर्धवट उजेडात, कपाटामागे, सवय नसलेल्या माणसाला सारखेच दिसतात. तळमजल्यावर टब ठेवला असेल तर बाहेरचा साप आत येणे अजिबात अशक्य नाही. ‘आपलाच आहे, चावला तरी काही होत नाही’ या विश्वासाने परडीला हात लावणारा माणूस, ही माझी खरी भीती आहे. अशा वेळी दार लावून घ्यायचे, फटीत टॉवेल टाकायचा, तुम्हाला फोटो पाठवायचा आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा. चावा झालाच तर ओळख पटवत न बसता थेट मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठायचे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे शेजारी. तुमचा साप सुटून जिन्यात आला तर लोकांना परडच दिसणार, आणि काठी उचलली जाणार. खालच्या मजल्यावरच्या निदान एका घराला तुमच्याकडे बिनविषारी, परदेशी साप आहे हे सांगून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो द्या. लपवून पाळलेला साप सुटल्यावर कोणालाच वाचवता येत नाही.

लपवायचे कारणही नसावे. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर असे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती केली असेल तर नोंदणीची प्रत टबच्या बाजूला लावून जा आणि एक मित्राच्या मोबाइलमध्ये ठेवा. केली नसेल तर लग्नाच्या खरेदीआधी ते काम हातात घ्या. धामण, दिवड, अजगर असा इथला कुठलाही साप घरात असेल तर तो पाळताच येत नाही, वनविभागाकडे द्यावाच लागतो.

नागद्वारच्या वेळचे उत्तर सोपे आहे. श्रावणात खोली २६ ते ३०च्या आसपास राहते, सापाला ती मानवते. तेव्हा आठ दिवस चालतील, अटी दोन. जेवण निघण्याच्या आठवडाभर आधी, आणि मित्राच्या तीन तरी चकरा, कारण दमट हवेत पाणी लवकर खराब होते आणि ओल्या भुशाला बुरशी धरते. भुसा काढून टबमध्ये साधे वर्तमानपत्र अंथरून गेलात तर बुरशीचा प्रश्न राहणार नाही आणि मित्रालाही घाण झाली की लगेच दिसेल. हिवाळ्यात पोट रिकामे असेल आणि रात्रभर लाईन गेली, तरी टबवर हवेची भोके मोकळी ठेवून घोंगडी टाकलेला मोठा साप सहसा निभावून नेतो. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू मात्र कुठल्याही ऋतूत दोन दिवसांपेक्षा जास्त एकटे ठेवू नका, त्याच्या अंगातले पाणी फार लवकर जाते.

३० तारखेला आल्यावर आधी टब उघडून पाहा, बॅगा नंतर. कातडीला सुरकुत्या, खोल गेलेले डोळे, विष्ठेसोबत पडणारे मूत्राचे खडे खडूसारख्या पांढऱ्याऐवजी पिवळे-केशरी आणि टणक, ही पाणी कमी पडल्याची खूण. अशा वेळी कोमट पाण्याच्या उथळ भांड्यात अर्धा तास, डोके बाहेर राहील असे, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. तोंड उघडे, मान मागे, अंग सैल असे दिसले तर उष्माघात समजा. बर्फ लावू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, तोंडात पाणी ओतू नका. गार खोलीत, २६-२८ अंशांच्या उथळ पाण्यात ठेवून लगेच निघा, आणि निघतानाच फोन करा म्हणजे आम्ही तयारी ठेवू.

तो ठीक दिसला तरी ३१ला सकाळी वजन करा. निघण्याच्या दिवशीचे वजन लिहून ठेवलेले असेल तर तुलना करता येईल. चार दिवसांत २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होणे काळजीचे नाही. त्याहून जास्त घटले असेल तर जेवण द्यायची घाई करू नका, मला आकडा कळवा. त्याआधी येत्या रविवारचा टबमधला कमाल आकडा पाठवा. मित्राचा होकार आला नसेल तर त्यावरूनच पुढचे ठरवू.